बेटावरचं गवत

जन्म गेला माझा उसातली हराळी उपटण्यात, आन् आमचं मालक पलटणीतनं पेन्शनीत आलं ते अंदमानातनं काय घिऊन? तर गवत! बिस्किटाच्या डब्यात, वल्या वाळूत. लोकं बायकूला लुगडं आणत्यात, बाई!

"शालू, ह्ये तिकडं दर्याकाठी निस्त्या वाळूत पसरतं," म्हणलं. "आपला नदीकडंचा बांध धरून ठिवंल."

बांधाचं निमित्त. घरी येऊन महिना झाला तरी त्येंची ट्रंक भरलेलीच हुती. रोज नदीकडं तोंड करून बसायचं. तिकडं अंदमानच्या बेटावर एका ठेकेदारानं काम ठेवलं हुतं त्येंच्यासाठी. गवत लावलं आन् मला म्हणलं, "ह्ये आपसूक जगलं तर मीबी इथंच ऱ्हातो. न्हाईतर दसरा झाला की परत जातो."

आपसूक म्हणं! मग त्येंच्या चोरून मीच घागर घिऊन जायची. दिसभर भांगलण, म्हशीचं शेण, पोरांचं जेवण, आन् वर ह्ये. कंबर मोडून गेली. पण चार पाती हिरवी दिसली की जीव भांड्यात पडायचा.

एक दिवस सासूबाई खुरपं घिऊन बांधाला गेल्या. गवत दिसल्यावर त्येंचा हात थांबतोय व्हय! मी गोठ्यात आले तर म्हस शेवटचा घास चावत हुती.

"आत्याबाई, काय केलंसा ह्ये!"

"बांध साफ केला. माझ्या जोत्यानं काय गवत जपलंय, आन् तू काय बघत बसलीयास?"

भांडायचंबी त्राण न्हवतं. तितंच बसून रडले. मग उठले, उसातली हराळी मुळासकट काढली आन् त्याच जागी लावली. ह्या हातानं हराळी लावली मी! वर पाणीबी घातलं.

सांजंला मालक आलं. वाकून पात्याला हात लावला. शेतकऱ्याचं पोर ते, हराळी वळखणार न्हाई? माझ्या चिखलाच्या हाताकडं लय वेळ बघितलं.

"जगलं की गं," म्हणलं.

मला ऱ्हावलं न्हाई. "जगलं व्हय! आता सगळ्या उसात शिरंल मेलं. कुणी खुरपायचं?"

"मी हाय की," म्हणलं, आन् रिकामी घागर उचलून घराकडं चालाय लागलं.