डिलिव्हरी परवा

कंबर

सतरा इंच. खोडून अठरा. खोडून साडेएकोणीस.

मापवहीतलं हे पान बॉबिनचं आहे. बॉबिन ही आमची कुत्री. दुकानात माणूस येवो की कुत्रं, माप घेतल्याशिवाय बाबा कुणाशी नीट बोलत नाहीत. थंडीसाठी त्यांनी तिला जाकीट शिवलं होतं. ते घट्ट व्हायला लागलं तेव्हा त्यांनी शिवण उसवून आतली माया सोडली. गिऱ्हाईक जाड झालं तर असावं म्हणून शिवणीत राखून ठेवतात ते जास्तीचं कापड, ती माया. आठवड्याने पुन्हा उसवलं. तिसऱ्यांदा माया संपली तेव्हा दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या.

पोट वाढतंय म्हणून जाकीट वाढवणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा बाप आहे.

चौथ्यांदा कात्री उचलली तेव्हा मी बॉबिनला उचललं आणि डॉक्टरबाईंकडे नेलं. बाबा मागून आले. डॉक्टरबाईंनी पोटावर मशीन फिरवलं. चार तरी आहेत म्हणाल्या, तीन आठवडे राहिलेत. मग त्यांनी त्यांची वही उघडून आमच्यासमोर ठेवली. पिल्लं होऊ नयेत म्हणून करायच्या ऑपरेशनची तारीख बॉबिनला तीनदा दिली होती. तिन्हींपुढे एकच शेरा होता: मास्तरांचा फोन, परवा आणतो म्हणाले.

परवा

शब्दकोशात परवा म्हणजे उद्यानंतरचा दिवस. आमच्या दुकानात परवा म्हणजे कापड अजून पिशवीतून बाहेर काढलेलं नाही. ‘फक्त बटणं राहिलीत’ म्हणजे कापड सापडत नाहीये.

घरी येताना बॉबिन आमच्या दोघांच्या मधून चालत होती, सावकाश, मोठ्या घरच्या बाईसारखी. मी बाबांना सांगून टाकलं. रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवाल्या घेतायत, अर्ज मी आणून ठेवलाय. तिथे भिंतीवर घड्याळ आहे आणि लोक ते बघतात. तुमच्या परवांची उत्तरं गिऱ्हाइकांना देऊन देऊन माझी जीभ झिजली. आता बिचारीच्या पोटातही तुमची परवा वाढतेय.

बाबांनी गळ्यातली टेप काढली, बोटांना गुंडाळली, पुन्हा गळ्यात घातली.

“एक तारीख सांग,” ते म्हणाले. “एकच. पाळतो.”

“पिल्लं होतील त्या दिवसापासून छप्पन्न दिवस. त्याच्या आत एकही घराबाहेर जाणार नाही. चावायचं किती आणि थांबायचं कुठे, हे ती आईजवळच शिकतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तेवढी एक डिलिव्हरी वेळेवर द्या. नाही दिलीत, तर मी अर्ज देते.”

डिलिव्हरी

कटिंगच्या टेबलाखालचं सगळं काढलं. जमिनीवरून लोहचुंबक फिरवला; एकशे चौदा टाचण्या, एक हरवलेला अंगठाणा, सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवतात ती टोपी. जुन्या चादरी अंथरल्या, कडेने फळी लावली. बॉबिनने तीन दिवस ते सगळं उकरून आपल्या मनासारखं केलं.

एका दुपारी तिने धापा टाकायला सुरुवात केली. बाबांनी शटर अर्धं ओढलं आणि खडूने त्यावर लिहिलं: डिलिव्हरीमुळे डिलिव्हरी बंद.

एक. वीस मिनिटांनी दोन. मग तीन. मग बराच वेळ काही नाही, आणि मग चौथं, हलेना. डॉक्टरबाई फोनवर सांगत होत्या आणि बाबा तसं करत होते: तोंड पुसा, टॉवेलमध्ये घ्या, चोळा, अजून चोळा. तीस वर्षं इस्त्री धरलेला हात. शेवटी तेल न घातलेल्या मशीनसारखा एक आवाज आला.

तिचं नाव चिंधी.

मापवहीत त्या तारखेपुढे मी लिहिलं: दिवस १.

गळा

चारही काळी, चारही सारखी. रोज वजन लिहायचं तर ओळखायची कशी? बाबांनी चार रंगांचे दोरे गळ्यांत बांधले. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. आम्हाला वाटलं, काय डोकं चालवलं.

दहाव्या दिवशी डॉक्टरबाई बघायला आल्या. सगळ्यात गुबगुबीत पिल्लाच्या गळ्यात दोरा कातडीत रुतायला लागला होता. त्यांनी तो कापला आणि बाबांकडे बघितलं.

“मास्तर, गिऱ्हाईक वर्षात वाढतं. हे दिवसात वाढतं.”

त्याच संध्याकाळी बाबांनी मऊ कापडाचे चार पट्टे शिवले: चौकडीचा, ठिपक्यांचा, रेघांचा आणि चिंधीचा चिंध्यांचा. प्रत्येकात भरपूर माया. वहीत लिहिलं: दर तिसऱ्या दिवशी उसवणे. आणि दर तिसऱ्या दिवशी उसवलं. जंताच्या औषधाची तारीख आली तर औषध दिलं. चिंधीला मागच्या सडांशी लावायचं, तिथे दूध जास्त, तर रोज बाजूला बसून लावलं. मी मुद्दाम काही म्हटलं नाही. चालत्या मशीनला बोट लावू नये.

कच्चा टाका

दुकानाच्या वर मालक राहतात. घर त्यांचं, दुकान त्यांचं. त्यांचा एक कोट चार महिन्यांपासून परवा तयार होत होता. पिल्लांचं कुईकुई ऐकून त्यांनी पहिल्याच आठवड्यात महिन्याची मुदत दिली होती: पिल्लं हलवा, नाहीतर दुकान रिकामं करा.

तिसाव्या दिवशी ते खाली आले. वासाबद्दल बोलले, आवाजाबद्दल बोलले, इतर भाडेकरूंबद्दल बोलले. तेवढ्यात चौकडीवालं गुबगुबीत पिल्लू त्यांच्या बुटावर येऊन बसलं आणि झोपलं. मालकांना पाय हलवता येईना. मग त्यांचा सूर बदलला. येत्या रविवारी नातीचा वाढदिवस आहे, हे मी घेऊन जातो, बाकीची राहू देत हवे तितके दिवस.

बाबांच्या जिभेला ‘नाही’ची सवय नाही. ते म्हणाले, “हो.”

मी मशीन थांबवलं. वहीत लिहिलं: रविवार, दिवस ३५. खाली दोन रेघा ओढल्या. मग कपाटातून अर्ज काढून कटिंगच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर कात्री ठेवली, उडू नये म्हणून.

चार दिवस बाबा खाली मान घालून शिवत होते.

ट्रायल

रविवारी मालक नातीला घेऊन आले. बाबांनी पुढे केला तो कोट.

मालक कोटाकडे बघतच राहिले. घातला. आरशासमोर उभे राहिले, वळले, हात वर केले. कुठेही ओढत नव्हता.

“आणि पिल्लू?”

“पिल्लू परवा,” बाबा म्हणाले.

“मास्तर, तुमची परवा मला पाठ आहे.”

“ही खरी परवा आहे, मालक. एकवीस दिवसांनी येते.” बाबांच्या कपाळावर घाम होता. “तुम्हाला हो म्हणालो ती चूक माझी. माल अजून कच्च्या टाक्यावर आहे. आत्ता नेलात तर जन्मभर उसवत राहील. दुकान रिकामं करा म्हणालात तर मी टेबल घेऊन फुटपाथवर बसेन, पण छप्पन्न दिवस मोजून बसेन.”

मालक आरशातून बाबांकडे बघत होते. मी माझ्या हातातल्या कापडाकडे.

बाबा नातीसमोर उकिडवे बसले. “तू ट्रायलला ये. रोज, शाळा सुटली की. त्याला तुझी सवय लागेल, तुला त्याची.”

ती टेबलाखाली शिरलीसुद्धा.

मालकांनी कोटाची बटणं लावली. जाड झालो तर काय, म्हणाले.

“आत दोन इंच माया आहे.”

“माया आहे म्हणता,” मालक म्हणाले आणि वर जाताना, आवाज जरा कमी ठेवा, एवढंच सांगून गेले.

माया

छप्पन्नाव्या दिवशी चौकडीवालं वर गेलं. तोवर त्याला जिन्याच्या सगळ्या पायऱ्या पाठ होत्या. ठिपकेवालं टपालवाल्या बाईंकडे, रेघांवालं बेकरीवाल्या जोडप्याकडे. दिवसा कुठे असेल, आजारी पडलं तर कोण नेईल, हे मी प्रत्येकाला विचारलं. दोघांना परत पाठवलं, त्यातलं एक आमचं जुनं गिऱ्हाईक. जाताना बाबा प्रत्येकाला चिठ्ठी देत: लशीची तारीख, ऑपरेशनची तारीख, आणि पट्टा कुठून उसवायचा त्याची खूण.

चिंधीला मागायला पाच जण आले. बाबा पाचही जणांना परवा या म्हणाले.

“बाबा, हिची परवा कधी?”

“तिची फक्त बटणं राहिलीत.”

कारखान्याचा अर्ज मी दिला नाही. कागद चांगला जाड होता. त्यावर चिंधीच्या मोठ्या पट्ट्याचं माप कापलं.

मग बॉबिनचं ऑपरेशन. दवाखाना उघडायच्या आधी आम्ही पायरीवर बसलो होतो, बाबा इस्त्रीच्या शर्टात, बॉबिन त्यांच्या पायाशी. डॉक्टरबाई किल्ल्या घेऊन आल्या आणि थबकल्या.

“मास्तर, ऑपरेशन उद्या आहे.”

तारीख मला माहीत होती. मी मुद्दाम गप्प बसले होते.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग टेप काढली, बोटांना गुंडाळली, पुन्हा गळ्यात घातली.

“मग उद्या,” ते म्हणाले.

आणि आम्ही उद्या आलो.