पहिलटकरणीची पानथरी

मित्रांनो, साखराबाईच्या डाव्या बरगड्यांखाली मी राहते. मला पानथरी, म्हणजे प्लीहा म्हणतात. रक्त गाळणे हे माझे काम. निजामाच्या राज्यात, धर्मापुरीत, तिच्यासोबतच माझा जन्म झाला.

गावाच्या बारवेत डास फार, त्यामुळे हिवताप दरवर्षी यायचा. तापाचे जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत दडून बसत. त्या पेशी ओळखून मी अडवायची, मोडायची. काम वाढले की मी सुजायची. लहानपणी त्यामुळे साखराबाईचे पोट फुगले, तेव्हा तिची आई भिवराबाई हिने मलाच रोग ठरवले आणि गावात डाग देणाऱ्या म्हाळूकडून तापल्या विळ्याने पोटावर डाग देवविले. पुढे शरीर सरावले, ताप सौम्य झाला. मानाचा नारळ मात्र म्हाळूला मिळाला.

लग्नानंतर ती चकलांब्याला गेली. तिथे पाणी कमी, डासही कमी. ताप येईना, तशी माझी सवय मोडत गेली. जंतू भेटत राहिले तरच त्यांची ओळख टिकते. हे तिथे कुणाला ठाऊक नव्हते.

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. नवरा आप्पाराव तिला पोचवायला आला, तो कोयनेलच्या, म्हणजे हिवतापावरच्या औषधाच्या, पुड्या घेऊन.

"मामी, ताप आला तर ह्या द्या."

"पावनं, तुमच्या गावची नाजूक बाई हाय का ती?" भिवराबाई म्हणाली. "ह्याच पान्यावर वाढलीय. इथला ताप तिला वळखतो."

"तरी बी असू द्या."

"कडू औषिदानं पोट पडंल. मी लई बाळंतपणं केलीत. तुमी किती केली?"

पुड्या भिंतीतल्या देवळीत पडून राहिल्या.

ताप आला. मी झटले, पण जंतूंनी नवी जागा धरली होती. बाळाला पोसणारी वार. तिथे चिकटलेल्या पेशी माझ्याकडे गाळायला येतच नाहीत. वारेला चिकटण्यासाठी त्या नवा वेष घेतात आणि तो पहिल्या गरोदरपणापूर्वी शरीराने पाहिलेलाच नसतो. बाळाचे अन्न वारेतच अडले.

मुलगी झाली, मुठीएवढी. रडली नाही.

"सटवीनं नेली," भिवराबाई म्हणाली.

"सटवीला कावून बोल लावतीस, आई?" साखराबाई म्हणाली. "पुड्या घरातच व्हत्या."

दुसऱ्या खेपेला शरीर तो वेष बराचसा ओळखेल. मित्रांनो, त्याबद्दल माझे कौतुक करू नका. मी आजार झाल्यावरच शिकते आणि हा धडा एका मुलीच्या जिवावर शिकले. पहिलटकरणीला ताप आला, तर माझ्या भरवशावर बसू नका. तिला वेळेवर औषध द्या.