एक जानेवारीची माणसं

“दाराची कडी कुणी काढली?” चाळणीबाईंनी खुर्ची ऑफिसात नव्याने आलेल्या दाढीवाल्याकडे वळवत विचारलं.

पडद्यावर एक रुग्ण होता. नावाची चौकट रिकामी, जन्मतारखेचीही. इस्पितळाच्या संगणकात असा रुग्ण शिरूच शकत नव्हता. ‘रुग्ण’ हा साचा चाळणीबाईंनी स्वतः प्रोग्राममध्ये घडवलेला. नोंदणी, औषधं, रक्तपेढी, सगळ्या खिडक्या तोच वापरत. नियम साच्याच्या पोटातच होते: नाव नाही, तर रुग्ण नाही. ऑफिसात पाठीमागे आपल्याला चाळणी म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. आवडतही होतं.

“कडी तशीच आहे, मॅडम,” दाढीवाला म्हणाला. “साचा तुमचाच. फक्त नियम पोटातून बाहेर काढले. ज्या खिडकीला जे लागतील ते तिने सोबत आणायचे. अपघात विभाग नावाशिवाय घेईल. घरी सोडताना मात्र नाव लागेलच.”

“म्हणजे मोकळं रान.”

“मोकळं कसलं? ज्याच्या त्याच्या मापाचं कुंपण.”

बोलणं गोड होतं, म्हणूनच खटकलं. माणूस दुसऱ्या कंपनीतून येतो, आल्या आल्या आपल्याच साच्याला हात घालतो आणि साहेब मान डोलावतात. उद्या म्हणतील, बाई, आता तुमचं काम काय? पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यांनी तक्रार केली तेव्हा साहेबांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. “घोळ दाखवा, जुने नियम परत लावू.”

तुलनेला जुन्या नोंदी होत्याच. एकही चौकट रिकामी नाही. साहेबांना दाखवायला त्यांनी त्या जन्मतारखेप्रमाणे लावल्या आणि त्यांचा हात थबकला. एक जानेवारी. खाली पुन्हा एक जानेवारी. पडदा सरकवला, तरी तेच. नावं ‘अबक’, ‘पुरुष’, ‘दुसरा पुरुष’. सगळे चाळणीतून सहीसलामत उतरलेले.

कामचुकार कुठले, असं पुटपुटत त्या तडक इस्पितळात गेल्या.

“हे एक जानेवारीवाले कोण भरतं?” त्यांनी अपघात विभागातल्या सिस्टरला विचारलं.

“आम्ही सगळ्याच.”

“खोटं लिहिता?”

“मग काय करू, बाई? माणूस बेशुद्ध. नाव-जन्मतारीख काहीतरी टाकल्याशिवाय तुमचं मशीन रक्त मागवू देत नव्हतं. मी नवी होते तेव्हा एकाचं खरं नाव शोधत बसले होते.”

“मग?”

सिस्टरने पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं.

“आता रिकामं सोडता येतं,” ती म्हणाली. “बरं झालं. कुणीतरी शहाणं आलंय वाटतं तुमच्याकडे.”

चाळणीबाईंनी खाटांवरून नजर फिरवली. “सकाळचा तो बिननावाचा रुग्ण कुठे आहे?”

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा होता. डोक्याला पट्टी, हाताला नळी, वर टांगलेल्या पिशवीतून थेंब थेंब उतरणारं रक्त. पायथ्याची पाटी कोरी.

फोन वाजला. साहेब होते. “सापडला का घोळ?”

“सापडला. माझ्याच साच्यात आहे. नव्या माणसाचे नियम राहू द्या.”

“नक्की?”

“नक्की.”

म्हाताऱ्याने डोळे किलकिले केले. “कोण?”

नाव, हुद्दा, विभाग, सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं.

“कुणी नाही,” त्या स्टूल ओढत म्हणाल्या. “बसलेय जरा.”