गार कॉइल

चुंबकाने पाठदुखी कमी होते का, हे आम्ही तिघं तपासत होतो: मी भौतिकशास्त्रवाला, एक डॉक्टरीणबाई आणि एक मानसशास्त्रज्ञ. निम्म्या पेशंटांच्या पाठीला वीज सोडली की चुंबक होणारी खरी कॉइल लावायची, निम्म्यांना नुसती टकटक आवाज करणारी खोटी. कुणाला कुठली मिळतेय, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांनी आकडे हातात आले आणि माझं डोकंच फिरलं. खोट्या कॉइलवाल्यांच्या पाठी जास्त बऱ्या झाल्या होत्या! मी यंत्र तीनदा खोलून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या नोंदी चाळल्या. मानसशास्त्रज्ञ म्हणाला, "विश्वासाचा परिणाम."

"मग तो विश्वास माझ्या खऱ्या यंत्रावर का नाही बसत?" मी खेकसलो.

शेवटी खोलीची साफसफाई करणाऱ्या मावशींना विचारलं, "तुम्ही काही वेगळं करता का हो?"

मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "साहेब, प्रत्येक पेशंटनंतर मी कॉइल पुसते. कुणाची गरम लागते, कुणाची गारढोण. म्हटलं, गारवाल्या बिचाऱ्यांना काहीच मिळत नाहीये. म्हणून पुढच्या खेपेला ते आले, की मी त्यांच्याजवळ बसते. घरचं विचारते, पाठीवरून हात फिरवते."

म्हणजे सगळं मुसळ केरात! मी कपाळाला हात लावला.

"आणि गरमवाल्यांजवळ नाही बसलात?"

"त्यांच्याजवळ कशाला?" मावशी म्हणाल्या. "त्यांना तुमचं यंत्र आहे की!"