नव्या कॅबिनेटातली खरखर

सकाळपासून अवंतिकाने ते एकच वाक्य एकवीस वेळा वाचलं होतं आणि एकवीस वेळा त्यात खरखर आली होती. ‘सुभद्रेने दार उघडलं, तर उंबऱ्यावर कोणीच नव्हतं.’ सुभद्रेने दार उघडलं रे उघडलं, की मागे कुणीतरी फोडणी टाकल्यासारखं तडतडायला लागायचं. तिने हेडफोन काढून टेबलावर आपटले. नवा मदरबोर्ड, नवी रॅम, नवा पॉवर सप्लाय, वर हे काळंकुट्ट लोखंडी कॅबिनेट. एवढं धूड हौसेने घरात आणलं आणि आवाज कसा, तर वरातीतल्या फुटक्या कर्ण्यासारखा!

पुण्याची एक कंपनी कादंबऱ्या वाचून घ्यायची, लोकांनी मोबाइलवर ऐकायला. शाळेतली नोकरी सुटल्यापासून अवंतिका या कामाकडे डोळे लावून बसली होती. तिचा आवाज त्यांना पसंत पडला होता. जुना कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी मान टाकायचा, म्हणून तर हा सगळा खटाटोप. पण नव्यावरून पाठवलेल्या दोन फाइली ‘मागे नॉइज आहे’ म्हणून परत आल्या. तिसरी आणि शेवटची आज पाचच्या आत जायला हवी होती. नाही गेली, तर कादंबरी सांगलीच्या कुठल्याशा बाईंना मिळणार होती. आणि आता तीन वाजले होते.

एप्रिलचं ऊन. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद, रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडकीला रजई. आत नुसती भट्टी. नवऱ्याला, उन्मेषला, शिरोलीच्या कारखान्यात फोन लावला, तर तो म्हणाला, “एकदा बंद करून चालू करून बघ ना.” गेल्या आठ दिवसांत हा सल्ला त्याने नवव्यांदा दिला होता. अवंतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोनच बंद केला, चालू काही केला नाही.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? ड्रायव्हर तीनदा टाकून झाले. माइकची वायर बदलली, पुढची पिन मागे लावली, मागची पुढे. यूट्यूबवर ओठावर मिसरूडही न फुटलेली पोरं जे जे सांगत होती, ते ते मुकाट्याने केलं. एकच गंमत तिच्या लक्षात आली होती. कॅबिनेटवर हात ठेवला की खरखर कमी व्हायची. मग पठ्ठीने एक हात कॅबिनेटवर ठेवून वाचून पाहिलं. तर हाताला अशा झिणझिण्या आल्या, की सुभद्रा दारातच किंचाळली.

शेवटी फोन चालू करून तिने सम्राटला बोलावलं. हे मशीन त्यानेच जोडून दिलं होतं.

“वैनी, माल एक नंबर हाय,” आल्या आल्या तो म्हणाला. “पयले दोन दिस वाजला का न्हाय झकास?”

“वाजला ना! म्हणून तर डोकं फिरलंय माझं. तिसऱ्या दिवसापासून सुरू झालं, आणि रोज वाढतंय.”

सम्राटने हेडफोन कानाला लावून बघितले, मग खिशातला टेस्टर काढून कॅबिनेटला टेकवला. टेस्टरचा दिवा मिणमिणला.

“आता बोला! कॉम्प्युटरचा दोष न्हाय वैनी. घराचं अर्थिंग गेलंय. वायरमन बघाय पायजे, पण आज कोण गावायचा न्हाय. उद्या लावून देतो की.”

“उद्या काय श्राद्ध घालू त्याचं?” ती ओरडलीच. सम्राटने काढता पाय घेतला.

अर्थिंग म्हणजे नेमकं कुठे असतं, हेही तिला माहीत नव्हतं. चरफडत ती मीटरच्या पेटीपाशी गेली. खालून एक हिरवी वायर निघाली होती. भिंतीला धरून ती मागल्या दाराकडे गेली होती. अवंतिकाही तिच्यामागोमाग गेली. मागल्या अंगणात, कुंपणाच्या कोपऱ्यात, वायर जमिनीत शिरली होती. तिथली माती वाळून फुटली होती. बोट जाईल एवढाल्या भेगा. शेजारी एक बादली पालथी पडली होती.

अवंतिका जागच्या जागी थिजली.

हा तात्यांचा कोपरा होता. तात्या म्हणजे तिचे सासरे. अख्खी हयात वायरमनकीत गेलेली. रोज आंघोळ झाली, की न्हाणीतून एक बादली भरायची, अवंतिकाच्या खोलीतून मागच्या दाराने न्यायची आणि या कोपऱ्यात ओतायची. तिथे ना झाड, ना वेल. म्हातारपणी डोकं चळलं, असंच तिने धरून ठेवलं होतं. सम्राट मशीन जोडत होता त्या रविवारीही ते बादली घेऊन आले. जमिनीवर वायरींचा पसारा. पाणी हिंदकळलं, कॅबिनेटपासून वीतभर अंतरावर सांडलं. परक्या माणसासमोर ती तारस्वरात ओरडली होती, “तात्या, उद्यापासून या खोलीतून बादली न्यायची नाही! काही कळतं का तुम्हाला यातलं?”

त्यानंतर त्यांनी बादली उचलली नव्हती.

तात्या मागल्या पडवीत खुर्चीवर बसले होते. हातात पेपर. दहा दिवस ते तिथेच बसून होते आणि खोलीतल्या स्पीकरवरची तडतड त्यांना ऐकू येत होती.

“तात्या, अर्थिंगला पाणी लागतं?”

“लागतं की. उन्हाळ्यात तर रोज. मीठ बी घालाय लागतं.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, खरखर कशाची ते?”

“पयल्याच दिशी कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

तात्यांनी पेपरची घडी घातली. “यातलं काय कळतं, म्हणालीस. इचारशील, म्हणून थांबलो.”

अवंतिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सम्राटला विचारलं, उन्मेषला विचारलं, यूट्यूबवरच्या पोरांना विचारलं. दहा पावलांवरच्या माणसाला तेवढं विचारायचं राहिलं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “किती बादल्या ओतू?”

“एक आत्ता वत. जाडं मीठ मूठभर घाल. भेगा लई पडल्यात, दुसरी मागनं लागंल.”

पहिली बादली जमिनीने घटाघटा पिऊन टाकली. चार वाजून दहा मिनिटांनी अवंतिका माइकसमोर बसली. सुभद्रेने दार उघडलं. मागे काही म्हणजे काही नाही. कॅबिनेटला हात लावला, तरी ते मुकाट. ती सलग वाचत गेली, अडखळली नाही, थांबली नाही. पाचला सात मिनिटं कमी असताना फाइल गेली.

आनंदाने ओरडून सांगायला तिने खोलीचं दार उघडलं. बाहेर तात्या उभे होते. हातात दुसरी बादली, काठोकाठ भरलेली. किती वेळ उभे होते कोण जाणे.

“वाचन चालू हुतं, म्हणून थांबलो,” ते हळूच म्हणाले. जमिनीवरच्या वायरींकडे त्यांनी एकदा पाहिलं. हे घर त्यांनी बांधलं होतं, त्यातली वायर न् वायर त्यांनी ओढली होती. “आतनं नेऊ का?”

अवंतिका खाली बसली आणि एकेक वायर गोळा करून त्यांना वाट करून देऊ लागली.