दोन पंख्यांची खोली

विलासरावांनी पंख्याच्या पात्यावरून तर्जनी फिरवली आणि ते बोट खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. बोटाला मऊ, राखाडी धूळ लागली होती. त्यांनी दुसऱ्या पात्यावरून बोट फिरवले, मग तिसऱ्यावरून. त्यानंतर ते शिडीच्या चौथ्या पायरीवर तसेच उभे राहिले.

खाली त्यांची मुलगी अश्लेषा शिडी धरून उभी होती. तिने वर पाहिले नाही.

"बाबा, उतरवताय ना?"

"उतरवतो," ते म्हणाले. परंतु त्यांचा हात पान्याकडे गेला नाही.

वसईपासून विरारपर्यंतच्या इमारतींत पंखे बसवण्यात त्यांची बत्तीस वर्षे गेली होती. पंख्यावरची धूळ दोन प्रकारची असते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. जो पंखा फिरतो, त्याच्या पात्याची पुढची कड काळी आणि चिकट होते. हवा कापीत जाताना वाटेतला सारा मळ ती कड आपल्या अंगावर घेते. जो पंखा थांबलेला असतो, त्याच्या पाठीवर धूळ सर्वत्र सारखी बसते. विरारच्या या फुलपाडा भागात थंडीच्या दिवसांतही लोक डासांकरिता पंखा एकवर ठेवतात. आणि आता तर मार्च सरत आला होता, अंगाला सदरा चिकटत होता. तरीही या बेडरूममधल्या पंख्याच्या तिन्ही कडा स्वच्छ होत्या.

आठवड्यापूर्वी अश्लेषाने फोनवर एवढेच सांगितले होते की, बेडरूमचा पंखा बदलायचा आहे. विलासराव खोली पाहिल्यावाचून कुणालाही पंखा देत नसत. ही खोली मात्र त्यांच्या पाहण्यातली होती. अश्लेषाच्या लग्नानंतर त्यांनीच तिथे हा पंखा टांगला होता. म्हणून त्यांनी पुन्हा न पाहताच लेकीजावयासाठी नवा पंखा निवडला. आवाज मुळीच न करणारा, रिमोटवर चालणारा, पहाटे गारवा वाटला तर अंथरुणातूनच मंद करता येईल असा. त्या खोलीत आज ना उद्या पाळणा येईल, हाही विचार त्यांनी केला होता. त्या पंख्याचा खोका आता दाराशी, भिंतीला टेकून उभा होता.

जावई जितेश याला कंपनीने वापीला पाठवले होते आणि तो शनिवार-रविवारी घरी येत असे, असे त्यांना ठाऊक होते. आज रविवार होता. आल्या आल्या त्यांनी विचारले, तेव्हा अश्लेषा म्हणाली होती, "या वेळी नाही आले."

विलासराव शिडीवरून उतरले आणि हॉलमध्ये गेले. तिथला पंखा तीनवर गरगरत होता. त्यांनी तो बंद केला, थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मान वर करून पाहिले. पात्यांच्या कडा कोळशाने ओढल्यासारख्या काळ्या होत्या. कोपऱ्यात दोन गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यांवर दोन उशा होत्या.

अश्लेषाच्या सासूबाई, सुशीलाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. त्यांचे माहेर मिठागराच्या गावातले. बोलणे थोडे आणि सरळ.

"पानी घ्या, विलासराव. उन्हाचे आलात."

त्यांनी खुर्चीवर बसून पाणी घेतले. तांब्या खाली ठेवला. मग ते मुलीकडे वळले.

"अश्लेषा, गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न काय विचारतो?"

लहानपणी सुट्टीच्या दिवसांत तिने त्यांची शिडी कितीतरी घरांत धरली होती. तिला आठवावे लागले नाही.

"पंख्याखाली कोण असणार, आणि कुठल्या वेळी."

"मग सांग."

तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले आणि पुन्हा सोडले.

"संध्याकाळी पाच ते आठ. तिसरी ते सातवीची मुलं. दहा नक्की झालीत, अजून दोन-तीन येतील. एक तारखेपासून क्लास सुरू करतेय."

"आणि रात्री?"

"रात्री कोणी नाही."

खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाला तरी स्टेशन, स्टेशन म्हणून हाक मारत होता. विलासरावांनी धुळीचे बोट रुमालाला पुसले. पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले.

"तो वापीलाच आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. "आधी कंपनीच्या खोलीवर एकटा होता. आता एकटा नाही. दिवाळीपासून या घरात पाऊल नाही टाकलं त्यानं."

"कुणाला माहीत आहे हे?"

"कोनालाच नाही. बिल्डिंगमध्ये आम्ही सांगतो, ड्युटी आहे म्हनून."

विलासराव उठले. त्यांचा आवाज मुळीच चढला नाही.

"पिशवी भर. आजच्या आज घरी चल."

"नाही, बाबा."

"मग मी वापीला जातो."

"जाऊन काय करणार? त्याचा रेग्युलेटर बदलणार?"

सुशीलाबाईंना हसू फुटले. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. विलासरावांना हसू आले नाही. परंतु ते पुन्हा खुर्चीवर बसले.

"आम्हाला आधी का नाही सांगितलंस?"

"फोन केला की आई विचारायची, जावई जेवले का? मग तोंड उघडायचंच नाही माझं. शेवटी म्हटलं, तुम्हाला घरी बोलवावं. तुम्ही वर चढलात की तुम्हाला कळेल."

"मी सकाळपासून म्हनतेय," सुशीलाबाई म्हणाल्या, "अगं, तो पंखा पूस, दिवाळीला पुसला तो शेवटचा, तुझे बाबा यायचेत, माझी लाज जाईल. फडकं घेऊन मी स्टुलावर चढनार होते. ही म्हने, राहू द्या, आई. आज नका पुसू."

विलासराव मुलीकडे पाहू लागले. ती खाली मान घालून उभी नव्हती. तिचे केस घट्ट बांधलेले होते आणि मनगटावर खडूचा पांढरा डाग होता. त्यांनी बेडरूमच्या उघड्या दारातून आत नजर टाकली, तेव्हा मघाशी न दिसलेला फळा त्यांना दिसला. तो भिंतीवर ठोकलेला होता आणि त्यावर नऊचा पाढा लिहून पाहिलेला होता.

"इथं तुला जड जाईल," ते म्हणाले. "लोक विचारतील."

"तिथं नाही का विचारणार?"

विलासरावांनी सुशीलाबाईंकडे मोर्चा वळवला.

"विहीणबाई, राग मानू नका. मुलगा तुमचा आहे. उद्या तो दारात उभा राहिला, तर?"

"मुलगा माझाच आहे, चूक पन त्याचीच आहे. घर माझ्या मालकांनी, त्याच्या बापानं, माझ्या नावावर करून ठेवलंय. दारात आला तर चहा देईन त्याला. ही मात्र कुठं जानार नाही. तिनं जायचं ठरवलं, तर गोष्ट निराळी."

अश्लेषाची नजर वडिलांच्या हातांवर होती. ते हात आता काय उचलतात, तिची पिशवी की स्वतःची हत्यारे, एवढेच तिला पाहायचे होते.

विलासरावांनी खिशातून मोजपट्टी काढली.

"मुलं बसणार कुठं? जमिनीवर की बाकावर?"

अश्लेषाने एक मोठा श्वास घेतला. "जमिनीवर. सतरंजी टाकून. दोन रांगा."

"धर हे टोक," बेडरूममध्ये शिरत ते म्हणाले. "खिडकीपाशी."

खोली लांबीला साडेबारा फूट भरली. विलासराव मधोमध उभे राहिले आणि त्यांच्या बोलण्यात नेहमीची खात्री परतली. मध्ये एकच मोठा पंखा ठेवला, तर त्याच्या खाली बसलेल्यांच्या वहीची पाने उडतील आणि कडेच्या मुलांच्या मानेवरून घाम ओघळेल. याकरिता छोट्या पात्यांचे दोन पंखे हवेत, अंतर राखून, दोन निरनिराळ्या बटणांवर. उन्हाळ्यात दोन्ही जोरात चालवावेत. पावसाळ्यात मुले भिजून येतील, तेव्हा दाराजवळचा आधी पूर्ण सोडावा, लादी सुकली की मंद करावा. थंडीत एकच, एकवर. खोली कोंदट होणार नाही आणि कुणी शिंकणारही नाही.

"आणि हा नवा?" अश्लेषाने खोक्याकडे बोट केले.

"तो हॉलमध्ये. तुम्ही दोघी तिथं झोपता ना?"

जुना पंखा उतरवून झाल्यावर ते नाक्यावरच्या भावेशच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. भावेश त्यांना पुष्कळ वर्षे ओळखत होता.

"काका, एका रूममध्ये दोन? हॉटेल खोलताय काय?"

"वर्ग आहे. मुलीचा."

"मग बोर्डपण बनवायला लागेल. नाव काय लिहायचं?"

मुलीच्या नावापुढे कोणते आडनाव लिहावे, हे विलासरावांना ठरवता येईना.

"ते तिला विचारून सांगतो," ते म्हणाले आणि दोन्ही खोके उचलून चालू लागले.

मधला हूक निरुपयोगी झाला होता. प्रत्येक पंख्याला दोन, अशी छतात नव्याने चार भोके पाडणे आवश्यक होते. विलासराव शिडीवर चढले, पेन्सिलीने चार खुणा केल्या आणि ड्रिल मशीन छताला लावले. पहिल्या भोकाचा आवाज एवढा मोठा झाला की खिडकीच्या काचा थरथरल्या आणि वरून पांढरी भुकटी अश्लेषाच्या केसांवर पडली. तिने ती झटकली नाही; दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली.

दुसरे भोक अर्धे झाले असता दाराची घंटा वाजली. विलासरावांनी मशीन थांबवले. समोरच्या फ्लॅटमधली हेमाली दारात आली होती.

"काकी, काय तोडफोड चाललीय?" तिचा आवाज आतपर्यंत स्पष्ट ऐकू आला. "जितेश आला वाटतं? मोठं काम काढलंय!"

अश्लेषाची बोटे शिडीच्या दांड्यावर घट्ट झाली. विलासरावांनी खाली पाहिले. आपण उतरून बाहेर जावे आणि काही तरी सांगावे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी एक पाय खालच्या पायरीवर टाकलाही.

"जितेश इथं राहत नाही आता, हेमाली," बाहेर सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज लहान केला नाही. "दिवाळीपासूनच नाही राहत. अश्लेषा क्लास काढतेय, त्याचं काम चाललंय. अजून अर्धा तास आवाज होईल, तेवढा सोसून घे."

हे ऐकत जिन्यावरून आणखी कुणीतरी खाली उतरत गेले. चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला.

"क्लास कितवीपर्यंत आहे?" हेमालीने विचारले. तिचा आवाज उतरला होता. "आमचा आयुष चौथीत आहे. गणितात अगदी कच्चा."

सुशीलाबाईंनी दारातूनच हाक दिली, "अश्लेषा, चौथीच्यांना किती वाजता बोलवायचं गं?"

अश्लेषाने शिडीवरचे हात काढले नाहीत.

"पाच वाजता," ती मोठ्याने म्हणाली. "वही-पेन्सिल घेऊन यायचं."

विलासरावांनी पाय पुन्हा वरच्या पायरीवर घेतला, मशीन छताला टेकवले आणि अर्धे राहिलेले भोक पुढे पाडायला घेतले.