लंबकाला नमस्कार

मास्तरांनी ज्या भाषेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, ती भाषा परदेशातल्या या शाळेच्या गावात फक्त त्यांच्या बायकोला समजत होती, आणि तिला भौतिकशास्त्रात काडीचा रस नव्हता. इंग्रजी मुख्याध्यापिकांपुरती चालायची; मुलांपर्यंत पोचेतो तिचाही दम संपायचा. त्यामुळे नववीच्या वर्गात मास्तर मुख्यतः हातवाऱ्यांनी आणि घामाने शिकवत.

वर्ष संपत आलं होतं. शुक्रवारी मुख्याध्यापिका तास बघणार होत्या. मास्तरांना ठेवायचं की परतीच्या विमानात बसवायचं, ते त्यावर ठरणार होतं.

"अहो, एवढं काय जिवाला लावून घेता?" बायको म्हणाली. "आपल्याकडच्या पोरांना तरी कुठे कळायचं तुमचं?"

"त्यांना कळत नाही, हे मला कळायचं गं. इथे तेवढंही कळत नाही."

नोकरीची काळजी होतीच. पण खरी धास्ती ही, की वर्षभर आपण पोरांपुढे नुसतीच नाचगाणी केली की काय!

विषय होता लंबक. आदल्या तासाला मास्तरांनी दोरा तोच ठेवून वजन बदललं, मग वजन तेच ठेवून दोरा बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पटवताना त्यांनी एक बोट इतकं नाचवलं होतं की ते अजून ठणकत होतं.

शुक्रवारी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर टेकल्या. मास्तरांनी खूण केली, करा सुरू. त्याबरोबर अख्ख्या वर्गाने आपापल्या स्टँडला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली, क्षणभर डोळे मिटले, आणि मगच वजनं सोडली.

मास्तरांना दरदरून घाम फुटला. उपकरणाला नमस्कार करायची सवय त्यांना कॉलेजपासूनची. आपण तो करतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. बोललेलं अक्षर कळत नाही म्हटल्यावर पोरांनी दिसेल ते सगळं इमानदारीत उचललं होतं. प्रयोगाची पायरी पहिली, नमस्कार.

"याने लंबकाला काय होतं?" मुख्याध्यापिकांनी इंग्रजीत विचारलं.

"काही नाही, मॅडम. माझी आपली सवय."

"मुलांना ठाऊक आहे हे?"

मुख्याध्यापिकांनी आपला पहिला प्रश्न मुलांना त्यांच्या भाषेत टाकला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. घरी सामान कधी बांधायला घ्यायचं, याचा मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला.

तेवढ्यात एक मुलगी उठली. तिची एक भुवई कायम वर असायची, म्हणून मास्तर मनातल्या मनात तिला शंकेश्वरी म्हणत. ती काहीतरी बोलली आणि वर्गाचे दोन तट पडले. दोरा सारखा, वजन सारखं. एका तटाने नमस्कार करून वजन सोडलं, दुसऱ्याने तसंच, कोरडं. झोके मोजून आकडे फळ्यावर लागले. दोन्हीकडे सारखेच! मग तिने तट उलटे केले आणि सगळं पुन्हा करायला लावलं. हे तर मास्तरांनी शिकवलंही नव्हतं. आकडे पुन्हा तेच आले. शंकेश्वरीने फळ्यावर कपाळाला लावलेल्या हाताचं चित्र काढलं आणि त्यावर शांतपणे काट मारली.

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी खडूच्या धुळीवर ढकललं.

"तुमच्यावरसुद्धा शंका घ्यायला शिकलीत की मुलं," मुख्याध्यापिका उठता उठता म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचं वेळापत्रक सोमवारी घेऊन जा."

मास्तर तडक शंकेश्वरीपाशी गेले आणि सरळ मराठीत म्हणाले, "पोरी, फार उपकार झाले गं तुझे."

तिने मान डोलावली. कळलं किती, देव जाणे. मग लंबकाचं वजन धरून तिने ते लांब, पार खांद्याच्या उंचीला नेलं. इतक्या वरून ते वर्गात कुणी कधी सोडलं नव्हतं. भुवई वर: आताही झोक्याला तेवढाच वेळ?

उत्तर मास्तरांना ठाऊक होतं. सांगायला भाषा नव्हती, आणि आज पहिल्यांदाच त्यांना त्याचं बरं वाटलं. त्यांनी स्टॉपवॉच तिच्या हातात दिलं.